आधी प्लग, मग कॅराव्हॅन

महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी केरळने ‘कॅराव्हॅन केरलम’ची घोषणा केली आणि पहिल्या १०० गाड्यांना साडेसात लाख रुपये किंवा गुंतवणुकीच्या १५ टक्के, यांतली जी रक्कम कमी असेल ती अनुदान म्हणून देऊ केली. तेव्हापासून या विषयावर जे बोलले-लिहिले जाते ते बहुतांशी गाडीभोवतीच फिरते. आत पलंग किती, ओटा कसा, न्हाणीघर आहे की नाही, भाडे काय. गाडी दिसायला देखणी असते, तिचा फोटो चांगला येतो, तिला हिरवा झेंडाही दाखवता येतो. ती रात्री जिथे उभी राहणार तिथे वीज घ्यायला खांब आहे का, असला तर किती अँपिअरचा, त्याला अर्थिंग आहे का, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात हे पर्यटन रुजवायचे असेल तर सरकारचा पैसा आणि लक्ष दोन्ही आधी या खांबाकडे वळायला हवे, असे माझे म्हणणे आहे. गाडीतल्या बॅटरीवर सगळे भागेल ही समजूत मोहक आहे, पण आकडे मांडले की ती टिकत नाही.

ज्यांच्या घरी लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर आला, त्यांना हे आकडे परके वाटणार नाहीत. १५० अँपिअर-अवरची एक ट्युब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टने गुणले तर १.८ युनिट वीज. लेड-ॲसिड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून निम्मीच वापरायची. हाती राहिले सुमारे ०.९ युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८०-९० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते आणि १०० अँपिअर-अवरला तिचे वजन १२-१३ किलो भरते, तर त्या ट्युब्युलर बॅटरीचे ५०-६० किलो. आता खर्चाची बाजू पाहू. एलईडी दिवे, १२ व्होल्टवर चालणारे दोन पंखे, पाण्याचा छोटा पंप, मोबाइल-लॅपटॉपचे चार्जिंग आणि कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, एवढ्यावर चौघांचे कुटुंब दिवसाला सव्वा ते दीड युनिटात राहू शकते. यातला निम्मा वाटा एकटा फ्रिज खातो, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. तरीही इथवर बॅटरी पुरते. २०० अँपिअर-अवर लिथियम बसवली तर अडीच युनिटांचा साठा होतो आणि दीड दिवस कुणाकडे प्लग मागावा लागत नाही. डिसेंबरात भंडारदऱ्याला किंवा महाबळेश्वरला एवढे पुरेसे आहे, आणि तिथे एसीची आठवणही कुणाला येणार नाही.

पण महाराष्ट्रातल्या कुटुंबाची मोठी सुटी मे महिन्यात असते आणि ओढा कोकणाकडे असतो. तारकर्लीला किंवा गणपतीपुळ्याला मे महिन्याच्या रात्री पत्र्याच्या बंद गाडीत चार माणसे पंख्यावर झोपतील असे मानणे म्हणजे धोरण कागदावरच ठेवणे होय. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात चार ते पाच युनिट घेतो. गाडीचे अंग घराच्या भिंतीसारखे नसते, उन्हात तापलेला पत्रा उशिरापर्यंत उष्णता आत सोडत राहतो, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा खाली येण्यापेक्षा वर जाण्याचीच शक्यता जास्त. बॅटरीची १२ व्होल्ट वीज २३० व्होल्ट करताना दहाएक टक्के गळती होते ती वेगळी. म्हणजे एसीसकट एका दिवसाची गरज सात युनिटांच्या घरात. ट्युब्युलर बॅटऱ्यांनी ही गरज भागवायची तर आठ बॅटऱ्या लागतील आणि गाडीत चारशे किलोंहून जास्त शिसे घेऊन घाट चढावा लागेल. लिथियमने हे वजन ८०-९० किलोंवर येते, किंमत मात्र वाढते.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की पैसे असतील तर मोठी लिथियम बॅटरी बसवा आणि टपावर सौर पॅनेल टाका, मग प्लग कशाला हवा? हा आक्षेप साठा आणि उत्पन्न यांची गल्लत करतो. बॅटरी कितीही मोठी घेतली तरी ती वीज तयार करत नाही. सकाळी रिकामी झालेली सात युनिटांची बॅटरी संध्याकाळपर्यंत पुन्हा भरायची कशाने? टपावर एसीचे युनिट, हवेसाठीची खिडकी आणि सामानाचा कॅरिअर सोडून उरलेल्या जागेत ४०० वॅटचे पॅनेल बसले, तर चांगल्या उन्हात ते दिवसाला सव्वा ते दीड युनिट देईल. त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि सावली शोधणारा पर्यटक नेमके उलटे करतो. गाडीच्या अल्टरनेटरवरून ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरने तीन तासांच्या प्रवासात आणखी सव्वा युनिट मिळेल. बेरीज पावणेतीन युनिटांच्या आत. पहिली रात्र आरामात जाते आणि दुसऱ्या रात्री बॅटरी मान टाकते. पावसाळ्यात सौर पॅनेलचा आधारही कमी होतो. उष्णतेचा मुद्दा वेगळाच आहे. अनेक उत्पादक लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर तापली असताना चार्ज करू नका असे सांगतात, आणि विदर्भ-मराठवाड्यात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत हा आकडा सहज ओलांडला जातो. अशा वेळी बॅटरीतले नियंत्रक सर्किट चार्जिंग थांबवते. वरून ऊन ओसंडत असते आणि बॅटरी रिकामीच राहते.

म्हणून ज्या देशांत हे पर्यटन जुने आहे तिथे बॅटरी आणि बाहेरची वीज यांच्यात कामाची वाटणी झालेली दिसते. दिवे, पंप, पंखे, फ्रिज हे बॅटरीवर चालतात. एसी, हीटर, पाणी तापवणे आणि बॅटरीचे पूर्ण चार्जिंग हे काम तळावरच्या खांबाकडे असते. युरोपात हा खांब २३० व्होल्टचा, निळ्या रंगाच्या तीन पिनांच्या औद्योगिक सॉकेटचा असतो. त्याची कमाल क्षमता १६ अँपिअर, म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट, पण फ्रान्समधल्या अनेक तळांवर ६ किंवा १० अँपिअरच मिळतात आणि लोक त्यातच भागवतात. अमेरिकेत व्होल्टेज १२० असल्याने अँपिअर जास्त लागतात. तिथला छोटा प्लग ३० अँपिअरचा, म्हणजे ३.६ किलोवॅटचा, आणि मोठ्या गाड्यांसाठीचा ५० अँपिअरचा प्लग दोन तारांवरून १२ किलोवॅटपर्यंत देतो. अमेरिकेतल्या ३० अँपिअरच्या सॉकेटची एक चूक बोलकी आहे. ते दिसायला कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या २४० व्होल्टच्या सॉकेटसारखे असते, त्यामुळे घरी गाडीसाठी प्लग बसवून घेताना इलेक्ट्रिशियन त्यात २४० व्होल्ट सोडून बसतो आणि गाडीतली उपकरणे एका झटक्यात जळतात. जिथे मानक ठरलेले आहे, पुस्तकात छापलेले आहे, तिथे ही गत. आपल्याकडे तर तळावरच्या प्लगचे मानक कोणते, हेच कुणी ठरवून सांगितलेले दिसत नाही.

मानक नसते तेव्हा काय होते याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. हॉटेलच्या किंवा ढाब्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर येतो, वायर अंगणातून, कधी चिखलातून जाते आणि गाडीच्या दारातून आत शिरते. वायर दीड चौरस मिलिमीटरची आणि अंतर ५० मीटर धरले, तर १६ अँपिअर प्रवाहाला जाता-येता सुमारे १९ व्होल्ट त्या वायरीतच खर्ची पडतात आणि तीनशे वॅट उष्णता वायरीत मुरते. उरलेली वायर रिळावर गुंडाळलेली असली की ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते, आवरण मऊ होते आणि पुढे शॉर्टसर्किट ठरलेले. गावाच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज आधीच २०० च्या खाली असेल तर त्यातून १९ वजा झाल्यावर एसीचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, किंवा सुरू होण्याच्या धडपडीत तापत राहतो. त्याहून गंभीर बाब अर्थिंगची. कॅराव्हॅन म्हणजे रबरी टायरांवर उभी असलेली, जमिनीपासून तुटलेली धातूची पेटी. आतल्या कुठल्याही उपकरणाची फेज अंगाला लागली आणि अर्थची तार नसली, तर सगळी गाडी २३० व्होल्टवर जाते आणि आतल्या माणसाला काहीच कळत नाही. कळते ते ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावणाऱ्याला, आणि तळावर तसे फिरणारी बहुधा मुले असतात. ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा आरसीसीबी प्रत्येक जागेला स्वतंत्र असायला हवा तो यासाठीच. दहा गाड्यांना मिळून एकच बसवला तर कुणाच्या तरी गीझरमधल्या गळतीने दहाही गाड्या अंधारात जातात आणि कंटाळलेला व्यवस्थापक तो आरसीसीबीच काढून टाकतो.

या बाबतीत ब्रिटनचा २००२ चा नियम आपल्या वीज अधिकाऱ्यांनी वाचण्यासारखा आहे. पुरवठादाराची न्यूट्रल आणि अर्थ जिथे एकत्र असतात तिथे ती अर्थ कॅराव्हॅनच्या धातूच्या सांगाड्याला जोडायला त्या नियमाने मनाई केली आहे. वाटेत कुठे न्यूट्रल तुटली तर परतीचा सगळा दाब सांगाड्यावर येतो, हे त्याचे कारण. म्हणून तळाला स्वतःचा अर्थ रॉड घालावा लागतो. आपल्याकडे काही ठिकाणी अर्थ मिळत नाही म्हणून वायरमन सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून मोकळा होतो. घरात हे धोक्याचे आहेच, कॅराव्हॅनच्या बाबतीत ते सापळ्यासारखे आहे. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर चांगले अर्थिंग मिळवणे मुळातच कठीण. कोरड्या खडकाचा रोध इतका असतो की नुसती सळई ठोकून भागत नाही, खोल खड्डा घेऊन मीठ-कोळसा भरावा लागतो, उन्हाळ्यात पाणी घालावे लागते, आणि दरवर्षी रोध मोजावा लागतो. समुद्रकाठी खारी हवा सॉकेटच्या पितळी पिना खाते. त्यातच पावसाचे चार महिने. पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव करणारे, किमान आयपी ४४ दर्जाचे झाकणाचे सॉकेट ही इथे चैन ठरत नाही. हे काम गाडी विकत घेणाऱ्याचे नाही, त्याला ते जमणारही नाही. ते तळ उभारणाऱ्याचे आणि त्याला परवानगी देणाऱ्याचे आहे. अनुदान द्यायचेच असेल तर ते इथे द्यावे.

नवे सॉकेट शोधण्याची गरज नाही, हा यातला दिलासा. विजेवरच्या वाहनांसाठी केंद्राने ‘भारत एसी-००१’ हे चार्जरचे मानक आणले तेव्हा त्यात १५ अँपिअरचे, ३.३ किलोवॅटचे तीन आउटलेट ठेवले आणि त्यासाठी औद्योगिक धाटणीचे सॉकेट निवडले. युरोपातल्या कॅराव्हॅन तळांवरचे सॉकेट याच आंतरराष्ट्रीय कुळातले आहे. म्हणजे प्लग देशात आला आहे, तो बसवणारे ठेकेदार तयार झाले आहेत, त्याच्या सुरक्षेचा विचारही झाला आहे. पर्यटन विभाग आणि ऊर्जा विभाग एका टेबलाशी बसले तर तळावरचा एकच खांब दिवसा ई-रिक्षा आणि विजेवरच्या दुचाकींना, रात्री कॅराव्हॅनला वीज देईल. कॅराव्हॅन वर्षाचे निम्मे दिवस येणार नाही हे उघड आहे, म्हणून खांबाचा खर्च तिच्या एकटीच्या भाड्यातून वसूल होईल अशी आशा करू नये.

जनरेटरचा पर्याय थोडक्यात निकाली काढता येतो. एका गाडीला जनरेटर म्हणजे शेजारच्या पाच गाड्यांची झोप गेली. शिवाय गाडीच्या तळाशी किंवा खिडकीलगत चालणाऱ्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला वास न येता मारतो. तळावर सामाईक पर्याय म्हणून दूर बसवलेला, आवाजरोधक कवचातला मोठा जनरेटर असायला हरकत नाही. महावितरणची वीज गेली तर तो लागेलच.

‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत, गावात शेतकऱ्याला रात्री वीज मिळते आणि तुम्ही कॅराव्हॅनला एसी देणार?’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो उडवून लावता येणार नाही. २० जागांच्या तळाला प्रत्येकी ३.७ किलोवॅट म्हटले की ७४ किलोवॅट होतात. अमेरिकेच्या वीजसंहितेत एवढ्या जागांच्या तळासाठी एकूण भाराच्या ४५ टक्के धरायला मुभा आहे, कारण सगळे एकाच वेळी सगळे चालवत नाहीत. आपल्याकडे मी हा आकडा जसाच्या तसा उचलणार नाही. मे महिन्यात रात्री नऊला वीसही एसी एकदम चालू होतील, त्यामुळे ५०-६० टक्के तरी धरावे लागतील, म्हणजे ४० किलोवॅटच्या आसपास. गावाच्या रोहित्रावर तेवढा भार चोरपावलांनी चढला तर गावचे व्होल्टेज पडेल आणि रोष रास्त असेल. पण याचा निष्कर्ष असा निघतो की तळाने मंजूर भार घ्यावा, गरज पडल्यास स्वतःचे रोहित्र बसवावे, आणि वीज व्यापारी दराने मोजून घ्यावी. आक्षेप घेणाऱ्याला ज्याची भीती वाटते ती चोरवीज, खिडकीतून आलेली वायर आणि शेतीपंपाच्या जोडणीवर चालणारा पर्यटकाचा एसी, हे सगळे व्यवस्था न केल्यामुळे घडते. मंजूर उद्देशाहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणे विद्युत कायद्यानुसार अनधिकृत वापर ठरते, आणि कृषी पर्यटन केंद्र चालवणारा शेतकरी यात सर्वांत आधी अडकेल. दंड त्याला होईल, गाडीवाला तोवर पुढच्या मुक्कामी पोचलेला असेल.

निसर्गाच्या जागी खांब आणि वायरी नकोत, असेही कुणी म्हणेल, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात अनेक तळ आहेत, पण वीजजोडणी फक्त फिशिंग ब्रिज या एकाच तळावर मिळते. बाकी ठिकाणी गाडी आपल्या बॅटरीवर राहते, आणि रात्री जनरेटर चालवायला बंदी असते. कासच्या पठाराजवळ किंवा अभयारण्याच्या हद्दीलगत हाच नियम हवा. दीड दिवस पुरणारी बॅटरी कामाला येते ती इथे. एक मुक्काम बिनविजेचा, दुसरा खांबाशेजारी, अशी प्रवासाची आखणी करायची तर खांब कुठे आणि किती अँपिअरचा आहे हे निघण्यापूर्वी कळायला हवे.

राहता राहिला विजेचे पैसे घेण्याचा प्रश्न, आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. विद्युत कायदा २००३ नुसार परवान्याशिवाय वीज वितरित करता येत नाही की विकता येत नाही. विजेवरच्या वाहनांबाबत ही अडचण आली तेव्हा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की वाहनाची बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा आहे, त्याला परवाना लागत नाही. कॅराव्हॅनची बॅटरी चार्ज करणे या तर्कात बसते, पण खांबावरून थेट एसी चालवणे बसते का? तळमालक हॉटेलसारखे जागेच्या भाड्यातच वीज धरेल तर कायद्याचा प्रश्न टळतो, पण मग दारे उघडी टाकून एसी चालवणारा आणि पंख्यावर झोपणारा दोघे सारखेच पैसे भरतात, आणि तळमालक दर सर्वांसाठी चढा ठेवतो. प्रत्येक खांबाला उपमीटर लावून युनिटमागे घ्यायचे तर नियामक आयोगाने तसे लेखी म्हणायला हवे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने एका परिपत्रकाने हा गोंधळ मिटवावा, पर्यटन विभागाने तशी विनंती करावी. एमटीडीसीच्या निवासांना वीजजोडणी आणि वाहनतळ दोन्ही आहेत. तिथल्या मोजक्या जागांवर १६ अँपिअरचे खांब, स्वतंत्र आरसीसीबी आणि उपमीटर बसवायला नवी जमीन लागत नाही. विद्युत निरीक्षकाची तपासणी झाली की त्या खांबांची यादी आरक्षणाच्या संकेतस्थळावर टाकावी: ठिकाण, अँपिअर, खांबांची संख्या आणि अर्थिंग शेवटचे कधी मोजले ती तारीख.